कोनाड्याचं माप

कोनाड्याचं माप पाठवा, म्हणतात.
उंची, रुंदी, खोली. सेंटिमीटरमध्ये.
मी गवंड्याचा टेप घेऊन गेले
बुराईच्या काठी, मे महिन्यात, भर दुपारी.

उंची एकोणनव्वद.
रुंदी एक्केचाळीस.
खोलीपाशी टेप थांबला.
आत साळुंकीचं घरटं: काड्या, कापसाचा पुंजका,
वेफरच्या पुडीची चंदेरी पट्टी.
मागच्या दगडावर कुंकवाचे थर, बोटभर जाड.
मूर्ती गेल्यावरही बाया लावत राहिल्या
नसलेल्या कपाळाला.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

तिकडे ती चौदा नंबरच्या दालनात,
काचेआड, बारा महिने एकवीस अंशांत.
खाली पाटी: आरसा पाहणारी स्त्री. पश्चिम भारत. अकरावं शतक.
पश्चिम भारत म्हणजे केवढा,
त्यात आमची नदी मावते का,
नदीला तर निम्मं वर्ष पाणीही नसतं.
आम्ही आरशीमाय म्हणतो.
ज्यांनी पाहिली नाही, तेही म्हणतात.

पहाटे डेअरीवर पत्र वाचून दाखवलं.
परत देऊ, किंवा वाटून घेऊ,
पाच वर्षं इकडे, पाच तिकडे,
किंवा यंत्रातून काढलेली हुबेहूब नक्कल.
सुपडूअण्णा कॅन खाली ठेवत म्हणाले,
"हे तर भाऊबंदांच्या विहिरीसारखं झालं.
पाळी ठीक आहे. सातबारा कुणाच्या नावावर?"
उखा म्हणाला, "नक्कल त्यांनाच ठेवू द्या,
त्यांना नुसतं बघायचंच तर आहे."
हसले सगळे.
मग हिलाल, जो कधी बोलत नाही, तो बोलला:
"नंदीला आपण म्हशी बांधतो.
वीरगळावर धुणं आपटतो.
तिथे निदान रोज कुणीतरी पुसतं तिला."
फॅट मोजायचं यंत्र तेवढं घरघरत राहिलं.

साहेबांनी फोनवर आधीच सांगून ठेवलंय,
आली तरी धुळ्यापर्यंतच येईल.
तुमच्या देवळाला दार कुठाय?

आणि पुरावा हवा.
सत्तर सालानंतर ती इथेच होती याचा.

आहे. एकच.
मायच्या लग्नातला फोटो, त्र्याहत्तरचा,
दोंडाईच्याच्या फोटोवाल्यानं
देवळापाशी उभं करून काढलेला.
मायच्या खांद्यामागे आरशीमाय:
तुटलेली करंगळी, आरशाची कड,
आणि ओठ असे, की आत्ताच
स्वतःला बघितलं आणि पटलं.
शेजारी बाप, मुंडावळ्या, नवी टोपी.
सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत.
तो किंचित मागे वळलाय.

चार वर्षांनी, अमावास्येला,
त्यानंच तिला ट्रॉलीत कडब्याखाली निजवून
नरडाण्याच्या स्टेशनापर्यंत नेली.
अडीचशे रुपये आणि एक रेडिओ.
चांगला होता रेडिओ.
जळगाव केंद्र स्वच्छ लागायचं.
मी त्याच्यावर ऐकत ऐकत मोठी झाले.

काल कात्री घेतली.
बापाची बाजू कापून उरलेला फोटो पाठवू म्हटलं,
त्यांना ती हवीय, तो कशाला.
माय लसूण सोलत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"कापू नको त्याले.
जो लई गया, तो बी पुरावाच शे."

तर फॉर्म असा भरलाय.
वस्तूचं स्थानिक नाव: आरशीमाय.
शेवटची कधी पाहिली: फोटो जोडला आहे, अख्खा.
नेणाऱ्याचं नाव, माहीत असल्यास:
झुलाल दगा पाटील. माझे वडील.

खोलीचा रकाना तेवढा कोरा आहे.
पिल्लांना अजून पंख फुटायचेत.
उडाली, की मोजून कळवते.